काटेरी मुदत ठेव

निवडुंग म्हटलं, की आपल्याकडे नाकं मुरडली जातात. ओसाड घराचं वर्णन करायचं, तर लेखक आधी दारात निवडुंग उगवतो आणि मग पुढचं लिहितो. घरात काटेरी झाड ठेवलं, की भांडणं लागतात, असं सांगणारेही भेटतात. (आमच्याकडे भांडणं झाली ती गॅलरीतल्या जागेवरून, पण तो भाग वेगळा!)

खरं म्हणजे आपल्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हेच. तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाचा भाऊबंद. खऱ्या कॅक्टसचे काटे लव असलेल्या इवल्याशा गादीतून फुटतात. या कुळाचं माहेर अमेरिका खंडात. एक रिप्सालिस तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपसूक आढळते. आपला फड्या निवडुंगसुद्धा बाहेरूनच आला आणि इथलाच होऊन बसला.

बँकेतली माझी सारी नोकरी मुदतींचे हिशेब करण्यात गेली. तीन वर्षं, पाच वर्षं, फार तर दहा. त्यापुढची मुदत सांगितली, की खातेदार हसायचा, ‘साहेब, तोवर कोण राहतंय!’ निवृत्तीनंतर कॅक्टसचा नाद लागला आणि मुदत म्हणजे काय, हे नव्यानं कळलं. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला, वेस्टर्न सिनेमांत दिसणारा उंच सग्वारो घ्या. पहिल्या ८ वर्षांत तो जेमतेम एक-दीड इंच वाढतो. फूल धरतो पस्तिशीच्या सुमारास. बाजूचे ते प्रसिद्ध हात फुटायला ५० ते ७० वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात.

माझं प्रेम मात्र एरिओकार्पसवर. मेक्सिको आणि टेक्सासच्या चुनखडीच्या माळावर हे झाड जमिनीला चिकटून राहतं. मोठेपणी काटे नाहीत. करड्या-हिरव्या त्रिकोणी उंचवट्यांचं एक चक्र, जवळून पाहिलं तरी दगडच वाटावं. निम्म्याहून जास्त झाड मातीखाली, मुळ्यासारख्या जाड मुळात. दुष्काळात ते आक्रसून मातीत बुडतं. आणि शरद ऋतूत, आपल्याकडे दिवाळीच्या आसपास, त्या दगडाच्या मधोमध लोकरीतून रेशमी फूल उमलतं.

ज्याला वेळ लागतो, त्याला किंमत येते. आणि किंमत आली, की चोर येतात. चिलीच्या किनाऱ्यावरच्या अटाकामा वाळवंटात कोपिआपोआ नावाचे कॅक्टस समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतात. २०२० साली इटलीच्या पोलिसांनी एका घरावर छापा घातला, तेव्हा तिथे हजाराहून अधिक कॅक्टस सापडले, त्यांतले बहुतेक चिलीतून उपटून आणलेले. पुढच्या वर्षी त्यांतले आठशेहून अधिक विमानानं मायदेशी परत गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत कॅक्टसच्या १,४७८ जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या ३१ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आढळल्या. १९७५ पासून अमलात असलेल्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली जवळजवळ सारं कॅक्टस कूळ येतं, आणि एरिओकार्पस तर त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे. तरीही चोरी चालते, कारण संग्राहकाला आयतं म्हातारं झाड हवं असतं. माझ्या जुन्या भाषेत सांगायचं, तर ही दुसऱ्याच्या नावची ठेव मुदतीआधी मोडणं झालं.

दुसरी वाट कर्जाची. हायलोसेरियस म्हणजे ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर इवल्या रोपाचं कलम बांधायचं. वर्षांची वाढ महिन्यांत होते. नर्सरीत मिळणारे लाल-पिवळ्या डोक्याचे कॅक्टस असेच. त्यांच्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून ते जन्मभर दुसऱ्याच्या मुळांवर जगतात. कलमात गैर काही नाही. नाजूक रोप त्यानं वाचतंही. पण एरिओकार्पस असा वाढवला, की तो फुगतो, त्याचा दगडपणा हरवतो, आणि खालचा खुंट बऱ्याचदा काही वर्षांत दगा देतो.

राहिली तिसरी वाट : बी पेरणं. पुण्याच्या एका जुन्या छंदिष्टानं घरच्या झाडांच्या बिया दिल्या. बारीक खडी आणि मुरूम चाळून घेतला, वाफवून निवू दिला, बिया वर नुसत्या भुरभुरल्या, कुंडीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि सावलीत ठेवली. आठ-दहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसले. पुढचे काही महिने पिशवी तशीच. मग एकेक भोक पाडत बाहेरच्या हवेची सवय. आपल्याकडे थंडीपेक्षा पावसाळा घातक. चार महिने पत्र्याखाली, पाणी अगदी हात राखून. मुळांशी पिठ्या ढेकूण लागलाय का, यावर नजर.

विकत घ्यायचं असेल, तर एवढं पाहा. बियांपासून वाढवलेलं झाड सहसा नीटस, डागविरहित असतं. जंगलातून उपटलेल्याच्या अंगावर वाऱ्या-उन्हाचे व्रण असतात, बुंधा खरबरीत, मुळं तुटलेली. असं झाड कितीही देखणं असलं, तरी विक्रेत्याला ते कुठून आणलं, हे विचारा. उत्तर मिळेना, तर हात जोडून परत फिरा.

माझी रोपं आता तीन वर्षांची झाली आणि आकार हरभऱ्याएवढा. सौ. म्हणते, ‘अहो, एवढ्या दिवसांत गुलाब लावले असते, तर देवाला चार फुलं तरी मिळाली असती!’ तिचं खरं आहे. स्वतःच्या मुळांवरचा एरिओकार्पस फुलायला दहा वर्षंही लागतात. मी सहासष्टचा. फूल येईल तेव्हा ते पाहायला मी असेन किंवा नसेन. ठेव मात्र ठेवणाऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून बँकेच्या शिस्तीप्रमाणे वारसाची नोंद केली. प्रत्येक कुंडीतल्या पट्टीवर पेरल्याची तारीख आहे आणि खाली आठ वर्षांच्या नातीचं नाव.

ती दर रविवारी फूटपट्टी घेऊन येते, डोळे बारीक करून मोजते आणि निराश होऊन सांगते, ‘आजोबा, अजून तेवढंच आहे.’

मी म्हणतो, ‘छान! म्हणजे ठेव सुरक्षित आहे.’