दादा, वळणाआधी गाडी हळू घ्या

प्रदर्शनाला माल न्यायचा असो, बँकेच्या कामाला तालुक्याला जायचं असो, गटाच्या बायका निघाल्या की जीप नाहीतर टेम्पो ठरतो. घाट लागला की आपण एकमेकींवर कलंडतो, हसतो आणि दांडा घट्ट धरतो. आज या वळणाचं शास्त्र समजून घेऊ, कारण आपला जीव त्यावर असतो.

चालत्या वस्तूला सरळच जायचं असतं. गाडी उजवीकडे वळली की कुणीतरी आपल्याला डावीकडे फेकतंय असं वाटतं. खरं तर कुणी फेकत नाही. आपलं अंग सरळ चाललेलं असतं आणि वळणारी गाडी आपल्याला आत ढकलत असते. गाडीलाही असंच आत ढकलणारं काहीतरी लागतं. ते काम टायर रस्त्याला पकडून करतात. पकड सुटली की गाडी वळणाबाहेर जाते.

सगळा भार टायरवर नको म्हणून वळणावर रस्त्याचा बाहेरचा काठ उंच ठेवतात. रस्ता गाडीला खालून आधार देतो. तो आतल्या बाजूला कलता असला की तोच आधार गाडीला थोडा आतही ढकलतो. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाल्याला भिंत आत ढकलते, तसंच हे.

मग उतार भरपूर का देत नाहीत? कारण त्याच रस्त्याने उसाची ट्रॉलीही हळूहळू जाते. उतार जास्त झाला तर ती आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बर्फ न पडणाऱ्या डोंगरी भागात हा उतार जास्तीत जास्त १० टक्के ठेवतात. म्हणजे ५ मीटर रुंद रस्त्याचा बाहेरचा काठ आतल्यापेक्षा अर्धा मीटर उंच.

आता हिशेब करू. असं वळण धरा, की ते पुढे पूर्ण गोल केलं तर मध्यापासून रस्ता ३० मीटरवर येईल. ताशी २० किलोमीटर वेगाने गेलं, तर ५० किलो वजनाच्या बाईला वळवायला ५ किलोच्या भाराइतका जोर लागतो. १० टक्के उतार असेल तर तेवढा जोर उतारच देतो. वेग ४० केला, तर हाच जोर २० किलोच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट लागतो! उतार मात्र तेवढाच राहतो. उरलेला १५ किलोहून जास्त जोर टायरनेच द्यायचा. पावसाने ओला झालेला रस्ता, वाळू, गुळगुळीत झालेले टायर असतील तर तो कुठून येणार?

“गाडी भरलेली आहे, जड आहे, घसरणार नाही,” असं बरेच जण म्हणतात. हे खरं नाही. वजन वाढलं की पकड वाढते, पण वळायला लागणारा जोरही तितकाच वाढतो. उलट टपावर माणसं आणि पोती चढवली की वजन उंचावर जातं आणि गाडी उलटायला कमी वेग पुरतो. डोक्यावर एकावर एक तीन घागरी घेऊन झटकन वळून बघा, म्हणजे पटेल.

मग आपण काय करायचं? टपावर कुणी बसायचं नाही, मालही नाही. जड पोती खाली ठेवायची. जागा पुरत नसेल तर दुसरी गाडी करायची, भाडं वाटून घ्यायचं. वेग वळण सुरू होण्याआधीच कमी व्हायला हवा. वळणात जोरात ब्रेक मारला, तर टायरची पकड ब्रेकमध्येच खर्च होते आणि वळायला उरत नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणी घाबरून बसतात, पण ड्रायव्हरला काही बोलत नाहीत. मैत्रिणींनो, भाडं आपण देतो. गाडी ठरवतानाच स्पष्ट सांगायचं, “दादा, वळणाआधी गाडी हळू घ्या.” एकीला संकोच वाटला तर दहाजणींनी मिळून सांगायचं. गट त्यासाठीच तर आहे!