कसब्यात पत्त्यांची संध्याकाळ: महागडा ट्रेडिंग कार्डचा खेळ वर्गणीत कसा बसवायचा?

गणपतीच्या दिवसांत मांडवात राखणीला बसलेल्या कार्यकर्त्यांचा रात्रीचा सोबती म्हणजे पत्ते. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, तीनशे चार. कसबा पेठेत हे कोणाला समजावून सांगायला नको. ५२ पत्त्यांचा एक कॅट आणला की अख्खं मंडळ वर्षभर खेळतं, आणि कोणाच्या खिशात किती पैसे आहेत याचा डावाशी काही संबंध नसतो.

याच पेठेतल्या शाळकरी मुलांच्या दप्तरात आता वेगळे पत्ते असतात. पोकेमॉन, मॅजिक, यु-गी-ओ. यांना ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. इथे सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतो. प्रत्येक खेळाडू आपापले पत्ते विकत घेतो, त्यातून स्वतःचा संच बांधतो आणि समोरच्याच्या संचाशी लढतो. त्या संचाला डेक म्हणतात. म्हणजे एका मुलाकडे हजारोंचा डेक आणि दुसऱ्याकडे खेळण्याच्या दुकानातलं सोनेरी रंगाचं नकली पुडकं, अशी लढत सुरू होण्याआधीच संपलेली असते. दोन-तीनदा हरल्यावर दुसरा मुलगा यायचा बंद होतो.

हा खेळ मंडळाच्या कार्यालयात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्यांना परवडेल असा बसवता येतो का? येतो. त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

महाग काय आहे?

आधुनिक ट्रेडिंग कार्डच्या खेळांची सुरुवात १९९३ मध्ये झाली. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ तयार केला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पोकेमॉनचे पत्ते १९९६ मध्ये जपानमध्ये आले.

गारफिल्डच्या कल्पनेत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक म्हणजे खेळ: नियम, डावपेच, हातातले पत्ते आणि समोरच्याचा चेहरा. दुसरी म्हणजे बंद पाकीट. पाकिटात काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही. मॅजिकच्या जुन्या १५ पत्त्यांच्या पाकिटात साधारण ११ पत्ते नेहमीचे, तीन जरा कमी आढळणारे आणि एक दुर्मीळ अशी वाटणी असायची. त्या एका दुर्मीळ पत्त्यासाठी माणूस पाकिटामागून पाकीट फोडतो आणि बाकीचे नेहमीचे पत्ते कपाटाखालच्या डब्यात पडून राहतात.

पैसा जातो तो या पाकिटावर. खेळ स्वतः महाग नाही. डब्यात पडलेल्या त्या नेहमीच्या पत्त्यांवर उत्तम खेळ होतो. फक्त नेहमीच्या पत्त्यांनी खेळायचा पॉपर नावाचा एक प्रकारच आहे, आणि २०१९ मध्ये कंपनीने त्याला अधिकृत मान्यताही दिली.

तसं पाहिलं तर एकाच्या मालकीचे पत्ते आणि चारचौघांचा खेळ ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सावंतवाडीची गंजिफा आठवून पाहा. हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. असा संच घरोघरी नसायचा. तो एकाचा असायचा आणि खेळायला बाकीचे जमायचे. (दिवसा डाव असेल तर रामाच्या पत्त्याने उतारी, रात्री असेल तर कृष्णाच्या, हा त्यातला एक गमतीचा नियम.)

३६० पत्त्यांचं वाचनालय

परवडणाऱ्या संध्याकाळीचा सगळा पाया एका नियमावर उभा राहतो: त्या संध्याकाळी घरचा डेक आणायचा नाही. पत्ते मंडळाचे, खेळणारे सगळे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून पुस्तकांच्या बाबतीत जे करत आलं आहे, तेच पत्त्यांच्या बाबतीत करायचं.

मॅजिकमध्ये यासाठी एक तयार पद्धत आहे. तिला क्यूब म्हणतात. ३६० वेगवेगळे पत्ते निवडून एक पेटी भरायची. आकडा ३६०च का? आठ जण बसले, प्रत्येकाला १५ पत्त्यांच्या तीन गड्ड्या मिळाल्या, की आठ गुणिले पंचेचाळीस बरोबर ३६० होतात.

खेळ असा चालतो. पत्ते पिसून १५-१५च्या गड्ड्या करायच्या. सगळे गोल करून बसतात. प्रत्येक जण आपल्या गड्डीतून एक पत्ता निवडून पालथा ठेवतो आणि उरलेली गड्डी डावीकडच्याला देतो. उजवीकडून आलेल्या १४ पत्त्यांतून पुन्हा एक निवडतो. गड्डी संपेपर्यंत हेच. दुसरी गड्डी उजवीकडे फिरते, तिसरी परत डावीकडे. शेवटी प्रत्येकाकडे ४५ पत्ते जमतात. त्यातले साधारण २३ चांगले ठेवून, वर १७ लँड घालून ४० पत्त्यांचा डेक तयार होतो. लँड म्हणजे या खेळातली सुटी नाणी. दर पाळीला एक लँड मांडायची, ती आडवी करून तिच्या जोरावर बाकीचे पत्ते खेळायचे. लँड प्रत्येकाला हव्या तितक्या मिळतात, त्या निवडाव्या लागत नाहीत.

या पद्धतीत श्रीमंतीला जागाच उरत नाही. आठही जण एकाच पेटीतून निवडतात. जिंकतो तो ज्याने निवड चांगली केली आणि शेजाऱ्याला काय हवं आहे हे ओळखलं. शिवाय पुढच्या वेळी पत्ते पुन्हा पिसले की डेक वेगळे, म्हणजे नवीन काही विकत न घेता खेळ नवा राहतो.

आता हिशेब. दुकानातला आकडा खेळाप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतो, म्हणून पुढचे भाव फक्त हिशेबापुरते धरलेले आहेत. एक बंद पाकीट ४०० रुपयांना धरलं तर आठ जणांना तीन-तीन पाकिटं फोडायला एका संध्याकाळचे ९,६०० रुपये लागतील. त्याऐवजी नेहमीचे ३६० पत्ते दहा रुपयांना एक या भावाने सुटे घेतले तर ३,६००. ते आणि लँड मिळून साधारण ५६० पत्ते होतात. त्यांना प्लॅस्टिकची पातळ आवरणं, नगाला दोन रुपये धरून १,१२०. पेटीसह एकूण पाच हजारांच्या आत-बाहेर. दर पंधरा दिवसांनी एक, अशा वर्षात २५ संध्याकाळी धरल्या तर माणशी २५ रुपये पडतात. चहाचा खर्च वेगळा.

प्रत्यक्षात याहून कमी लागतात. शहरात ज्यांनी हौसेने पाकिटं फोडली आहेत त्यांच्याकडे नेहमीच्या पत्त्यांचे आणि लँडचे ढीग असतात, आणि ते त्यांना नकोच असतात. रद्दीच्या भावाने किंवा नुसतं मागितलं तरी मिळतात. आवरणावर मात्र काटकसर करू नये. वीस जणांच्या वडापावच्या हातातून पत्ता फिरला की सहा महिन्यांत ओळखू येऊ लागतो, आणि मागून ओळखू येणारा पत्ता म्हणजे डावातली लबाडी.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी क्यूब जरा जड जातो. त्यांच्यासाठी पोकेमॉन बरा. त्यात ६० पत्त्यांचे तयार डेक मिळतात. एकाच ताकदीचे सहा डेक घेतले की बारा मुलं आलटून पालटून खेळतात. कोणाला कोणता डेक, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. सोनेरी पुडकं घेऊन आलेल्या मुलाला ‘तुझे पत्ते खोटे आहेत’ असं चारचौघांत सांगायची वेळच येत नाही. खोटं-खरं त्याला आपोआप कळतं, पण खेळता खेळता.

घरी छापलेले पत्ते चालतात का, हा प्रश्न हमखास येतो. मॅजिकच्या कंपनीची भूमिका अशी आहे की विक्रीसाठी नसलेले, स्वतःच्या सरावापुरते कागदी पत्ते चालतात. अधिकृत स्पर्धेत मात्र अस्सलच हवेत. मंडळातल्या संध्याकाळी एखादा हरवलेला पत्ता कागदावर लिहून चालवायला हरकत नाही. अस्सल म्हणून नकली विकणं ही वेगळी गोष्ट, आणि ती सरळ फसवणूक आहे.

‘पत्ते? म्हणजे जुगार?’

पेठेत जागा मागायला गेलं की खरी अडचण इथे येते. पैशांपेक्षा मोठी. पत्ते म्हटलं की एखाद्या मुलाचे आजोबा आधी नाही म्हणतात, आणि त्यांची शंका अगदीच हवेतली नाही. पैसे लावून चाललेल्या डावांवर छापे पडल्याच्या बातम्या पुणेकर नेहमी वाचतात.

महाराष्ट्रात यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात जुगाराचा अर्थ पैज आणि पण यांच्याशी जोडलेला आहे, आणि केवळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ मध्ये सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात आणि कोणता धरायचा, कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं. त्याच निकालात, खेळावर पैसे लागत असतील आणि जागा चालवणारा त्यातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असाही इशारा आहे.

ट्रेडिंग कार्डच्या खेळालाही हा डाग अगदीच परका नाही. मॅजिकच्या पहिल्या नियमांत दोघांनी डावाआधी एकेक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे, असं होतं. खेळाडूंनाच ते रुचलं नाही आणि पुढे ते मागे पडलं.

म्हणून मंडळाने चार गोष्टी पाटीवर लिहून लावाव्यात. पैसे लावायचे नाहीत. पत्ता पणाला लावायचा नाही. वर्गणी घ्यायची ती चहा, वीज आणि आवरणांपुरती, आणि तिचा जमाखर्च भिंतीवर. वर्गणीतून बक्षीस द्यायचं नाही. शेवटची गोष्ट लोकांना जाचक वाटते. पण प्रत्येकाकडून शंभर घेऊन जिंकणाऱ्याला आठशे दिले की ते पैज लावण्याच्या फार जवळ जातं, आणि त्याहीपेक्षा, हरल्यावर शंभर रुपये गेले याचं दुःख असलेला मुलगा पुन्हा येत नाही. बक्षीस हवंच असेल तर पुढच्या वेळी पहिली गड्डी निवडण्याचा मान द्यावा.

पालकांना समजावण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दार उघडं ठेवणं. खोली रस्त्यावरून दिसणारी असावी, येणाऱ्या कोणालाही बसून पाहता यावं. शंका घेणाऱ्या आजोबांना एकदा मेंढीकोटाच्या भाषेत खेळ समजावला की तेच मागे उभे राहून मुलांना पत्ते सुचवू लागतात. त्यांना तेवढं आवरावं लागतं.

जागा आणि वेळ

कसब्यात मोठ्या खोल्या कमी, पण वापरात नसलेल्या वेळा पुष्कळ. मंडळाची कार्यालयं उत्सव सोडला तर बऱ्याच संध्याकाळी बंद असतात. काही ठिकाणी अभ्यासिका चालते. तिथे परीक्षेच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, खेळ मागूच नये. उरलेल्या वाड्यांचे चौक उन्हाळ्यात छान, पावसाळ्यात बाद. नदीकाठच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की समोरच्याने कोणता पत्ता टाकला हेसुद्धा ओरडून विचारावं लागतं.

आठ जणांना दोन लांब टेबलं किंवा एक मोठी सतरंजी पुरते. गाड्या लावायला जागा नाही हे आधीच सांगावं. २०२४ च्या सप्टेंबरात कसबा पेठेचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवड किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांची ती सोय झाली आहे.

सहाला सुरुवात केली तर निवड आणि डेक बांधणी पावणेसातपर्यंत होते. पाऊण-पाऊण तासाच्या तीन फेऱ्या नऊपर्यंत संपतात. पहिल्या फेरीनंतर जिंकलेले जिंकलेल्यांशी आणि हरलेले हरलेल्यांशी खेळतात, त्यामुळे कोणीही मध्येच बाद होऊन घरी जात नाही. ‘कार्ड गेम नाइट’ हे नाव आकर्षक असलं तरी आपल्याकडे रात्र नको, संध्याकाळ बरी. मुलींना घरून परवानगी मिळणं न मिळणं बहुतेक वेळा याच एका तासावर ठरतं.

अदलाबदल आणि भाषा

नावातच ट्रेडिंग आहे, तेव्हा मुलं स्वतःचे पत्ते बदलणारच. भांडणं होतात ती इथेच. मोठा मुलगा लहानाला चमकणारे पाच स्वस्त पत्ते देऊन एक महागडा काढून घेतो आणि घरी गेल्यावर रडारड होते. यावर एक साधा उपाय आहे. बदल ठरला की वहीत लिहायचा, पत्ते मात्र पुढच्या भेटीला द्यायचे. मधल्या पंधरा दिवसांत घरी विचारता येतं आणि मन बदलताही येतं.

पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातल्या मुलांना तो सुरुवातीला अडवतो. पण त्यातले शब्द पुन्हा पुन्हा तेच असतात: काढा, टाका, आडवा करा, नष्ट करा, परत हातात घ्या. असे तीसेक शब्द मराठीत लिहून एक पान प्रत्येक टेबलावर ठेवलं की दोन-तीन संध्याकाळीत काम भागतं. पहिल्यांदा येणाऱ्याला नियम सांगत बसू नये. उघड्या पत्त्यांनी एक डाव खेळावा, तेवढ्यात निम्मं समजतं.

शेवटची पंधरा मिनिटं मोजणीची. लँड वेगळ्या, बाकीचे पत्ते वेगळे, दहा-दहाचे ३६ गठ्ठे. एखादा पत्ता कमी भरला तर आधी सतरंजीखाली बघावं, बहुतेक वेळा तिथेच सापडतो.