पारपटलाची जखम कशी भरून येते?

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांनी प्राणार्पण केले. गिरणीकामासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या त्या पिढीनंतर या परिसराचे चित्र पुष्कळच पालटले आहे. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो, द्राक्षे ही पिके उभी राहिली आणि शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली उच्च शिक्षणाकडे व नोकरीकडे वळली. चष्म्याचा नंबर घालविणारी लेसर शस्त्रक्रिया एके काळी महानगरांपुरतीच मर्यादित होती. आता खेड्यातील तरुणही तिची चौकशी करू लागले आहेत.

ही शस्त्रक्रिया काही मिनिटांत आटोपते. तिची जखम पूर्णपणे भरून येण्यास मात्र कित्येक महिने लागतात. हा भेद ध्यानात न घेता रुग्ण लगेच ऊसतोडणीस वा फवारणीस लागला, तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही धोक्यात येऊ शकते. म्हणून जखम भरण्याची क्रिया समजावून घेणे अगत्याचे आहे.

पारपटलाची रचना

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा बसलेला पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल होय. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. सर्वांत बाहेरचा पेशींचा थर सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो. त्याखालील मुख्य थर एकूण जाडीच्या जवळजवळ नऊ-दशांश भाग व्यापतो. या थरातील सूक्ष्म तंतू अत्यंत नियमित अंतरावर रचलेले असल्यामुळे प्रकाश त्यातून निर्वेध पार होतो.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या द्वारे हवेतून मिळतो, तर पोषण डोळ्यातील जलद्रवातून मिळते. मज्जातंतूंचे जाळे मात्र अतिशय दाट असते. त्यामुळेच धुळीचा कणसुद्धा असह्य होतो.

वरची जखम आणि खोल जखम

बाहेरच्या थराला ओरखडा उठला, तर शेजारच्या पेशी काही तासांतच सरकत येऊन उघडा भाग झाकू लागतात. पारपटलाच्या कडेला असलेल्या मूळ पेशींपासून नव्या पेशींचा पुरवठा होत राहतो. लहान ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत, मागे कोणतीही खूण न ठेवता भरून येतो.

मुख्य थरातील जखमेचे तसे नाही. तेथील पेशी जागृत होऊन नवे तंतू निर्माण करतात. हे तंतू पहिल्याइतके नियमित रचले जात नाहीत व तेवढा भाग धूसर होतो. खेडोपाडी ज्याला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात, ते अशा खोल जखमेचे व्रण होत.

लेसरचे कार्य

या शस्त्रक्रियेच्या उगमाशी एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचे नाव निगडित आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८१ मध्ये असे आढळले, की १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सजीव ऊतक न जाळता अत्यंत काटेकोरपणे खरवडू शकतो. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांच्या सहकार्याने पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. लेसरने पारपटलाची वक्रता बदलली, की प्रतिमा नेत्रपटलावर नेमकी पडते व चष्म्याची गरज उरत नाही.

पीआरके या पद्धतीत बाहेरचा थर काढून मुख्य थरावर लेसर वापरतात. बाहेरचा थर पुन्हा तयार होण्यास साधारणतः तीन ते पाच दिवस लागतात. त्या काळात वेदना होतात व संरक्षणासाठी मऊ भिंग बसवितात. नजर स्थिर होण्यास काही महिने लागू शकतात. क्वचित धूसरपणाही येतो.

लॅसिक पद्धतीत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर वापरतात व तो पुन्हा जागेवर बसवितात. कडेची जखम सुमारे एका दिवसात भरते व नजर लवकर सुधारते. परंतु पापुद्रा पूर्वीइतका मजबूत कधीच चिकटत नाही. पुढे अनेक वर्षांनीसुद्धा जबर आघाताने तो सरकल्याची उदाहरणे आहेत. कापलेले मज्जातंतू पुन्हा वाढण्यास सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. तोपर्यंत डोळे कोरडे पडणे स्वाभाविक असते.

घ्यावयाची काळजी

डोळे चोळू नयेत. प्रारंभीच्या दिवसांत डोळ्यात पाणी, साबण वा धूळ जाऊ देऊ नये. विहिरीत किंवा कालव्यात पोहणे, फवारणी, मळणी व कुस्ती यांसाठी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. वेदना वाढल्यास, लाली आल्यास किंवा नजर कमी झाल्यास त्याच दिवशी तपासणी करावी.

१८ वर्षांखालील व्यक्ती, नंबर स्थिर नसलेले रुग्ण, पातळ वा शंकूसारखे पारपटल असलेले रुग्ण तसेच गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया सामान्यतः योग्य नसते. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागू शकतो, हेही आधी सांगितले पाहिजे. पोलीस वा सैन्य भरतीसाठी शस्त्रक्रिया करू इच्छिणाऱ्यांनी संबंधित सेवेचे वैद्यकीय नियम प्रथम पाहावेत.

थेंबांचा धोका

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर ठरावीक काळ स्टेरॉइडचे थेंब देतात. उरलेली बाटली घरात राहते आणि उसाचे पान लागलेल्या दुसऱ्याच्या डोळ्यात तेच थेंब घातले जातात. पिकाच्या पात्याने झालेल्या जखमेत बुरशी शिरण्याचा संभव असतो. स्टेरॉइडमुळे ती बुरशी अधिकच फोफावते व डोळा गमावण्याची वेळ येते. तूप, मध, अंगावरचे दूध असे घरगुती उपायही घातक ठरू शकतात. अशा जखमेस विनाविलंब वैद्यकीय उपचार मिळणे हाच खरा उपाय होय. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्ररुग्णालयाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, त्या डॉ. मनोहर डोळे यांच्या सेवेचा गौरव २०२४ मध्ये पद्मश्रीने झाला.

पारपटल कायमचे धूसर झाल्यास नेत्ररोपण हाच मार्ग उरतो. यशस्वी नेत्ररोपण १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी प्रथम केले. त्यासाठी नेत्रदान मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत व्हावे लागते. लेसर झालेल्या व्यक्तीही नेत्रदान करू शकतात, कारण त्यांच्या पारपटलाचा आतील थर उपयोगी पडू शकतो. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा असतो. त्या निमित्ताने शिक्षकांनी शाळेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत डोळ्याच्या जखमेबाबत एवढी माहिती दिली, तरी अनेक डोळे वाचू शकतील.