लाकडी पेन करायचंय? आधी धार, मग लेथ

कारंजा लाडच्या जैन ग्रंथभांडारांतली अपभ्रंश काव्यं १९३०च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांच्या खटपटीतून ‘कारंजा जैन ग्रंथमाले’त छापली जाऊ लागली. तशा पोथ्या उतरवून घेणाऱ्याला बोरू, चाकू आणि शाई पुरत असे. आज याच गावात कुणी लाकडी पेन घडवायचं मनावर घेतलं, तर ऑनलाइन खरेदीची यादी पाहूनच गांगरतो. त्या यादीतलं बरंचसं सुरुवातीला लागत नाही. जे खरोखर लागतं, त्याकडे मात्र दुर्लक्ष होतं.

गैरसमज : चांगल्या पेनसाठी मोठं, वजनदार लेथ हवं.
वस्तुस्थिती : पेनसाठीचा तुकडा साधारण १९ मिलिमीटर जाड आणि १२५ मिलिमीटर लांब असतो. टेबलाला बोल्टनं आवळलेलं मिनी लेथ त्याला पुरतं. विकत घेताना दोन गोष्टी विचारा. एक, वेग मिनिटाला २,०००-२,५०० फेऱ्यांपर्यंत जातो का? दोन, मोर्स टेपर, म्हणजे लेथचं निमुळतं भोक, १ नंबरचा आहे की २ नंबरचा? पेनचे तुकडे ज्या सळईवर ओवतात ते मॅन्ड्रेल त्याच टेपरचं नसेल, तर लेथमध्ये बसतच नाही. तुकड्याच्या दोन्ही टोकांना लावायचे बुशही पेनच्या प्रत्येक किटप्रमाणे बदलतात. पहिलं किट ७ मिलिमीटर नळीच्या साध्या बॉलपेनचं घ्यावं.

गैरसमज : हत्यारांचा भरगच्च संच एकदाच घ्यावा.
वस्तुस्थिती : पेनला तीन हत्यारं पुरतात : चौकोनी तुकडा गोल करायला रफिंग गाउज, गुळगुळीत कापायला तिरप्या धारेची पटाशी आणि खाच पाडायला पार्टिंग टूल. उरलेले पैसे ग्राइंडरवर घाला, कारण बोथट हत्यार लाकूड कापत नाही, उचकटतं. आपल्याकडच्या विजेवर साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो. १,४०० फेऱ्यांचा मिळाला तर नवशिक्याचा हात सावरतो. एक इशारा : रफिंग गाउजनं वाटी किंवा ताटली कातू नका. मुठीत शिरणारी त्याची दांडी अरुंद असते, झटक्यानं मोडू शकते.

गैरसमज : धार लावताना पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं.
वस्तुस्थिती : साध्या कार्बन पोलादाबाबत हे खरं आहे. ते वरचेवर पाण्यात बुडवून थंड ठेवावं लागतं. हायस्पीड स्टील ५०० अंश सेल्सिअसच्या पुढेही टणकपणा टिकवतं, म्हणून निळा डाग पडला तरी घाबरू नका. उलट तापलेलं हायस्पीड स्टील एकदम पाण्यात बुडवलं तर धारेला बारीक तडे जाऊ शकतात. हत्यार कोणत्या पोलादाचं आहे, हे दुकानातच विचारून घ्या.

गैरसमज : लाकूड जड आणि टणक असलं की झालं.
वस्तुस्थिती : टणकपणाआधी वाळलेपणा बघा. लाकूड आक्रसतं, आत चिकटवलेली पितळी नळी आक्रसत नाही. मग तडा लाकडालाच जातो. पावसाळ्यात ठीक वाटलेलं पेन विदर्भाच्या वैशाखात फुटतं ते यामुळेच. तुकड्याचं दर आठवड्याला वजन करा. वजन घटायचं थांबलं की भोक पाडा. बाभूळ आणि बोर छान कातली जातात. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी तो ॲसिटोननं पुसावा. पितळेवर पांढरा फेविकॉल नीट धरत नाही. नळी काचपेपरनं खरवडून इपॉक्सी किंवा सुपर ग्लू लावा.

गैरसमज : शेतातलं झाड आपलंच, हवं तेव्हा तोडावं.
वस्तुस्थिती : साग, आंबा, चिंच, खैर यांसारखी झाडं स्वतःच्या जमिनीवर असली, तरी १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो. पेनपुरतं लाकूड फर्निचरवाल्याकडच्या तुकड्यांतच मिळतं. त्यासाठी झाडावर कुऱ्हाड कशाला?

गैरसमज : डोळ्यांना चष्मा, नाकाला रुमाल, हातात मोजे, झाली सुरक्षा.
वस्तुस्थिती : मोजे तर काढूनच ठेवा, फिरत्या लाकडात अडकले तर हात ओढला जातो. सैल बाह्या आणि ओढणीही तशाच घातक. तुकडा निसटून तोंडावर येऊ शकतो, म्हणून पूर्ण चेहऱ्याचं शील्ड हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली आहे. ती धूळ रुमालानं अडत नाही, एन-९५ मास्क लागतो.

गैरसमज : लाकूड देखणं, म्हणजे पेन उत्तम.
वस्तुस्थिती : लिहितं ते निब किंवा रिफिल. शाईपेन करायचं तर निबा आपल्याच विदर्भात, नागपूरच्या ‘कॅनराइट’कडे तयार होतात. शाई थेट लाकडात भरू नका, ते ती शोषून घेतं. कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर वापरा. उत्तम पेनला लाकूडच लागतं असंही नाही. राजमुंद्रीचे पेनकार रत्नम यांचं स्वदेशी पेन वापरून पाहून १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पसंती कळवली होती. रत्नम पेनं ओळखली जातात ती एबोनाइटसाठी. हे कडक रबर लेथवर लाकडासारखं कातता येतं आणि शाई पीत नाही.

पैसे मोजके असतील तर लेथ जुनं घ्या, हत्यारं तीनच घ्या. काटकसर मास्क, शील्ड आणि ग्राइंडरवर करू नका. पहिले काही तुकडे तर किट न लावताच कातावेत. बाभळीच्या फुकट तुकड्यावर पटाशी सरळ चालू लागली, की मग किटची ऑर्डर द्यावी.