मोतीबिंदु काढला, तरी डोळा दुखतोच!



मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, डोळ्यावरची पट्टी सुटते, समोरच्या कॅलेंडरवरील तारखा स्पष्ट दिसूं लागतात आणि घरांत पेढे वाटले जातात. पण महिना उलटतो, दोन महिने उलटतात, आणि तोच डोळा खुपतो, जळजळतो, कधीं आंतून ठणकतो. रुग्ण म्हणतो, "दिसतें छान, पण दुखतें." घरचीं माणसें म्हणतात, "शस्त्रक्रिया उत्तम झाली म्हणून डॉक्टरांनींच सांगितलें ना? मग दुखेल कसें? मनाचे खेळ आहेत झालें!" शस्त्रक्रिया यशस्वी होणें आणि डोळा दुखणें, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

सुश्रुतसंहितेंत या व्याधीवरील शलाकाकर्माचें वर्णन आहे. त्यांत गढूळ झालेलें भिंग सळईनें दृष्टीच्या वाटेंतून बाजूला सारीत. तें डोळ्यांतच राही. तें बाहेर काढण्याची रीत अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें दाव्हिएल यांनीं रूढ केली. काढलेल्या भिंगाच्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याचा प्रयोग लंडनमध्यें हॅरल्ड रिडली यांनीं १९४९ सालीं केला, आणि ध्वनिलहरींनीं भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची युक्ति अमेरिकेंत चार्ल्स केलमन यांनीं १९६७ सालीं काढली. त्यामुळें आज पुष्कळदां तीन मिलिमीटरांहून लहान छेद पुरतो. टांकाहि लागत नाहीं. मग एवढ्याशा छेदानें इतके दिवस दुखावें कां?

याचें उत्तर डोळ्याच्या दर्शनी काचेंत आहे. डॉक्टर जिला कॉर्निया म्हणतात, त्या पारदर्शक पटलांत संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचें जाळें अतिशय दाट असतें. म्हणून तर धुळीचा एक कण आपल्याला बेजार करतो. छेद देतांना यांतील कांहीं तंतु तुटतात. पटल कोरडें पडल्याची वर्दी देऊन अश्रु आणविणें हें याच तंतूंचें काम. वर्दी मंदावली कीं अश्रूंचा थर विरळ होतो. शस्त्रक्रियेच्या वेळचें जंतुनाशक आणि नंतरच्या थेंबांतील टिकाऊपणासाठीं घातलेलीं द्रव्यें त्यांत भर घालतात. गंमत अशी, कीं कोरडा डोळा पुष्कळदां पाण्यानें डबडबलेला दिसतो! चिडलेला डोळा एकदम पाणी सोडतो, पण तें पटलावर टिकत नाहीं. तुटलेले तंतु हळूहळू पुन्हां वाढतात आणि बहुतेकांचा त्रास कांहीं महिन्यांत ओसरतो.

मोतीबिंदु थंडींतच काढावा, असा आपल्याकडे जुना समज आहे. आजच्या शस्त्रक्रियेला ऋतूचें बंधन नाहीं. पण मागाहूनचा कोरडेपणा नागपूरच्या उन्हाळ्यांत वाढतो, हें खरें. पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन आपण झोंपतों. वाळ्यांतून येणारी हवा ओलसर असली तरी तिचा झोत अश्रूंचा थर सुकवितो. तो अंगावर घ्यावा, तोंडावर नको. उन्हांत जातांना बाजूंनीं झांकणारा चष्मा, वाचतांना मधूनमधून डोळे मिटणें, आणि डॉक्टरांनीं सुचविलेले कृत्रिम अश्रु, एवढ्यानेंहि पुष्कळांना आराम पडतो.

पण प्रत्येक दुखणें कोरडेपणाचें नसतें. थेंब बंद केल्यावर आंतला दाह पुन्हां उसळतो. भिंगाचा एखादा बारीक तुकडा मागें राहिलेला असतो. टांका घातला असल्यास त्याचें टोंक टोंचतें. पापणीच्या कडा सुजतात. किंवा डोळ्यांतील दाब वाढतो. हें घरीं ओळखतां येत नाहीं. डॉक्टर सूक्ष्मदर्शक दिव्याखालीं डोळा तपासतात, दाब मोजतात, रंगाचा थेंब घालून पटल पाहतात. कधीं ते बधिरतेचा एक थेंब टाकून पाहतात. त्यानें दुखणें थांबलें, तर उगम बहुधा पृष्ठभागावर आहे. थांबलें नाहीं, तर शोध आणखी आंत घ्यावा लागतो. मात्र तो थेंब घरीं कधींहि वापरूं नये; त्यानें पटलाची हानि होते.

कांहीं थोड्यांच्या बाबतींत सर्व तपासण्या निर्मळ निघतात, तरी वेदना राहते. जखम भरलेली असते, पण मज्जातंतु जुनीच वर्दी देत राहतात. चोर निघून गेल्यावरहि कुत्रें भुंकत राहावें तसें. हें ढोंग नव्हे. त्यावर मज्जातंतु शांत करणारीं निराळीं औषधें असतात. त्यांना वेळ लागतो आणि धीर लागतो.

आतां एक इशारा. दुखणें तासागणिक वाढत असेल, डोळा लालबुंद होत असेल, दृष्टि मंदावत असेल, किंवा डोकेदुखीबरोबर ओकारी होऊन दिव्याभोंवतीं रंगीत वलयें दिसत असतील, तर सकाळची वाट पाहूं नये. आंत जंतूंचा संसर्ग झाल्यास कांहीं तासांच्या विलंबानेंहि दृष्टि जाऊं शकते. ज्यांनीं शस्त्रक्रिया केली त्यांना तत्काळ गांठावें. ते न भेटल्यास आपल्या शहरांत मेडिकल आहे, मेयो आहे.

गुलाबपाणी, मध, एरंडेल यांपैकीं कांहींहि अशा डोळ्यांत घालूं नये. मागच्या वेळची उरलेली स्टेरॉइडची बाटली तर मुळींच उघडूं नये. तिनें चार दिवस बरें वाटतें, पण कित्येकांच्या डोळ्यांतील दाब न कळत वाढून काचबिंदूचें संकट ओढवतें. त्यापेक्षां एक वही करावी. केव्हां दुखतें, खुपतें कीं ठणकतें, कशानें वाढतें, कोणते थेंब केव्हां बंद झाले, हें लिहून ती वही व शस्त्रक्रियेचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जावें. एकानें "सारें ठीक आहे" म्हटलें आणि दुखणें राहिलें, तर दुसऱ्याचा सल्ला घेण्यांत कोणाचाहि अपमान नाहीं.

आणि घरच्या मंडळींना एकच विनंति. आपली वडील माणसें आधींच संकोचानें बोलतात. "दुखतें" असें त्यांनीं म्हटलें, कीं आधीं विश्वास ठेवावा आणि मग कारण शोधावें.