हवासिंग की कौरसिंग? दोन काळांतील मुष्टियोद्ध्यांची जोड लावता येते का

नवी दिल्ली : २७ जानेवारी १९८० रोजी नवी दिल्लीत चार फेऱ्यांची एक प्रदर्शनीय लढत झाली. एका बाजूला होते तीन वेळा जागतिक हेवीवेट विजेतेपद मिळवलेले अमेरिकेचे मुहम्मद अली आणि दुसऱ्या बाजूला भारतीय लष्करातील मुष्टियोद्धे कौरसिंग. अली त्या वेळी ३८ वर्षांचे होते व आदल्या वर्षीच त्यांनी निवृत्ती जाहीर केली होती. कौरसिंग यांची कारकीर्द मात्र नुकतीच बहरू लागली होती. उतरणीला लागलेला एक काळ आणि उगवता दुसरा काळ प्रत्यक्ष एका रिंगणात समोरासमोर आला, असा हा दुर्मीळ प्रसंग होता.

एरवी अशा लढती केवळ कल्पनेतच होतात. तालमीच्या कट्ट्यावर जुन्या आणि नव्या मल्लांच्या जोडी लावल्या जातात, त्याचप्रमाणे मुष्टियुद्धाचे चाहतेही पिढ्यानुपिढ्या एकच प्रश्न विचारीत आले आहेत : अमुक योद्धा तमुक योद्ध्याच्या काळात असता, तर कोण जिंकला असता?

यंत्राने दिलेला निकाल

या प्रश्नाचे उत्तर संगणकाकडून मिळवण्याचा गाजलेला प्रयत्न १९६७ मध्ये अमेरिकेत झाला. मायामीतील निर्माते मरे वोरोनर यांनी सोळा माजी व तत्कालीन विजेत्यांची माहिती संगणकात भरून त्यांची काल्पनिक स्पर्धा नभोवाणीवर सादर केली. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानो यांनी जॅक डेम्प्सी यांना हरवले. अली मात्र त्याआधीच जेम्स जेफ्रीज यांच्याकडून पराभूत झाल्याचे दाखवण्यात आले. संतापलेल्या अलींनी वोरोनर यांच्यावर दहा लाख डॉलरचा दावा लावला.

त्या वादातून पुढे चित्रपट निघाला. लष्करात भरती होण्यास नकार दिल्याने अलींचे विजेतेपद काढून घेण्यात आले होते, तर मार्सियानो १९५६ मध्येच निवृत्त झाले होते. १९६९ मध्ये या दोघांनी कॅमेऱ्यासमोर एक-एक मिनिटाच्या सुमारे सत्तर फेऱ्या खेळल्या आणि अनेक शेवट चित्रित करण्यात आले. २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसले. युरोपातील प्रेक्षकांना मात्र अलींच्या विजयाचा शेवट दाखवण्यात आला. हा निकाल पाहण्यास मार्सियानो हयात नव्हते. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात त्यांचे निधन झाले होते.

एकाच लढतीचे दोन निकाल लागू शकतात, यातच या प्रयोगाची मर्यादा दिसून येते. यंत्र बेरीज-वजाबाकी अचूक करते. पण वेग, ताकद वा जिद्द यांना किती गुण द्यायचे, हे माणसेच ठरवतात.

तुलना कुठे अडते?

पहिली अडचण वजनाची. एकही लढत न हरता ४९ विजयांसह निवृत्त झालेल्या मार्सियानो यांचे वजन सुमारे ८५ किलो असे. आजच्या व्यावसायिक नियमांनुसार त्यांची गणना हेवीवेटमध्ये नव्हे, तर त्याखालच्या क्रूझरवेट गटात झाली असती. सत्तरच्या दशकातील अली सुमारे ९८ किलोचे होते. अलीकडच्या काळातील टायसन फ्युरी यांची उंची सहा फूट नऊ इंच आहे. गटाचे नाव तेच राहिले, त्यातील माणसे मात्र बदलली.

दुसरी अडचण नियमांची. पूर्वी जागतिक विजेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मधील लढतीनंतर दक्षिण कोरियाच्या डुक कू किम यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने फेऱ्यांची संख्या बारावर आली. अखेरच्या तीन फेऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या दमाचे महत्त्व त्यामुळे ओसरले.

हौशी मुष्टियुद्धातील बदल याहून मोठे आहेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिरस्त्राण सक्तीचे झाले आणि ९१ किलोंवरील योद्ध्यांसाठी सुपर हेवीवेट हा वेगळा गट सुरू झाला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून संगणकाच्या बटणावर गुण मोजले जाऊ लागले. २०१३ मध्ये ती पद्धतही मोडीत निघाली आणि पुरुषांचे शिरस्त्राणही उतरले.

भारतीय जोड

या पार्श्वभूमीवर भारतातील दोन हेवीवेट योद्ध्यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. हवासिंग हे मूळचे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या भिवानी जिल्ह्यातले. १९६६ व १९७० अशा सलग दोन आशियाई स्पर्धांत त्यांनी बँकॉकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पंजाबमधील संगरूर जिल्ह्याचे कौरसिंग यांनी १९८० मध्ये मुंबईत आशियाई अजिंक्यपद मिळवले आणि १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. दोघेही लष्करातून घडले.

विशेष म्हणजे ही जोड मार्सियानो-अली जोडीपेक्षा अधिक न्याय्य ठरते. दोघांच्याही काळात हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती, डोक्यावर शिरस्त्राण नव्हते आणि निकाल पंचांच्या कागदावर लागत असे. मधले अंतर अवघ्या बारा वर्षांचे.

तरीही निर्णय देणे सोपे नाही. हवासिंग यांनी साठच्या दशकाच्या प्रारंभापासून अकरा वर्षे राष्ट्रीय विजेतेपद राखले. समकालीनांवरील वर्चस्व हाच निकष धरला, तर पारडे त्यांच्याकडे झुकते. मात्र कौरसिंग यांनी तिशीच्या उंबरठ्यावर हातमोजे चढवले आणि थोड्याच वर्षांत आशिया जिंकला. शिवाय त्यांना १९८४ चे ऑलिंपिक खेळता आले. हवासिंग यांना ऑलिंपिकच्या रिंगणात उतरण्याची संधी कधीच मिळाली नाही.

पुराव्याचा प्रश्नही आहेच. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने सुरू झाले. हवासिंग यांचा बहराचा काळ त्याआधीच सरला होता. ज्याचा खेळ घरोघरी दिसला नाही, त्याला स्मृतीच्या आधारावरच लढावे लागते.

लढतीपलीकडचे मोजमाप

अलींशी झालेल्या लढतीबद्दल कौरसिंग पुढे सांगत, की अली उजव्या हाताने ठोसे अडवत आणि डाव्या हाताने झपाट्याने प्रहार करीत. त्यांचा वेग अविश्वसनीय होता. परंतु त्याच अलींना २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्स यांच्याकडून दारुण पराभव पत्करावा लागला. म्हणजे योद्ध्याचे केवळ नाव सांगून भागत नाही, तो कोणत्या वर्षीचा हेही सांगावे लागते. काल्पनिक लढतींत हा मुद्दा बहुधा विसरला जातो.

हवासिंग यांनी निवृत्तीनंतर भिवानीत मुले घडवली. २००८ मध्ये बीजिंगला गेलेल्या भारताच्या पाच मुष्टियोद्ध्यांपैकी चौघे भिवानीचे होते आणि त्यांतील विजेंदर सिंग यांनी कांस्यपदक जिंकले. हे पाहण्यास हवासिंग नव्हते. द्रोणाचार्य पुरस्कार स्वीकारण्यापूर्वीच, ऑगस्ट २००० मध्ये, त्यांचे निधन झाले.

कौरसिंग यांना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही २०१७ मध्ये हृदयविकारावरील उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावे लागल्याची बातमी आली, तेव्हा कुठे लष्कर व क्रीडा मंत्रालयाची मदत पोहोचली. २७ एप्रिल २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

दोघांपैकी कोण श्रेष्ठ, याचा निकाल आता लागणार नाही. मात्र ज्यांची नावेच पुढच्या पिढीला ठाऊक नसतील, त्यांची जोड कल्पनेतही कोणी लावणार नाही. कट्ट्यावरच्या या वादाचे खरे मोल एवढेच, की तो चालू असेपर्यंत दोघेही रिंगणात उभे राहतात.