बिल्डिंग सर्व्हेइंग : एक अपरिचित वाट

बांधकाम क्षेत्र म्हटले की आपल्या मुलांना इंजिनिअर आणि आर्किटेक्ट एवढेच ठाऊक असतात. ब्रिटनमध्ये बिल्डिंग सर्व्हेअर हा वेगळा व्यवसाय आहे. उभी इमारत तपासणे हे त्याचे काम. भिंतीतली ओल छपरातून उतरली, जमिनीतून चढली की घरातल्याच वाफेने धरली, हे न ओळखता केलेला गिलावा फुकट जातो. म्हणून पदवीला बांधकामशास्त्राबरोबर कायदा आणि करारही शिकवतात. इंग्लंडमध्ये हा अभ्यासक्रम बहुधा ३ वर्षांचा, मध्ये वर्षभर नोकरी केल्यास ४ वर्षांचा असतो. पुढे घरखरेदीपूर्व तपासणी, दुरुस्तीवर देखरेख, सामाईक भिंतीचे तंटे (त्यासाठी १९९६ चा खास कायदा आहे) अशी कामे मिळतात.

मात्र चार्टर्ड सर्व्हेअर होण्यास रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स या १८६८ पासूनच्या संस्थेची मान्यता असलेली पदवी, मग प्रत्यक्ष अनुभव व मुलाखत असा सरळ मार्ग आहे. शैक्षणिक कर्जासाठी येणारे पालक आम्हांला व्याजदर विचारतात, अभ्यासक्रमाची मान्यता क्वचितच. ती आधी पाहावी. शिवाय मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी सक्तीची असली, तरी ती नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करावी लागते. परत येऊन हे काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम इथेच सिव्हिलची पदवी घ्यावी, मग तिकडचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहावा.